ग्राफक्यूएलचा हलका क्लायंट वेब ॲपमध्ये वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफक्यूएल (सर्व्हरकडे नेमका हवा तेवढाच डेटा मागण्याची भाषा) समजणारा सर्व्हर तयार आहे, वेब ॲपमधून त्याच्याकडे डेटा मागायचा आहे, आणि त्यासाठी क्लायंट, म्हणजे विनंत्या पाठवणारी लायब्ररी, मोठी घ्यावी की छोटी यावर टीममध्ये चर्चा चालू आहे. अशा वेळी हे पान उपयोगी पडावं. माझा कल छोट्या क्लायंटकडे आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पण छोटा क्लायंट घेतला म्हणून काम कमी होत नाही. मोठा क्लायंट जे निर्णय परस्पर घेऊन टाकतो, ते छोटा क्लायंट तुमच्यापुढे आणून ठेवतो. चूक आली तर काय करायचं, जुना डेटा किती वेळ चालवून घ्यायचा, टोकनची (लॉगिनचा पुरावा म्हणून विनंतीसोबत जाणाऱ्या मजकुराची) मुदत संपली तर पुढे काय, हे तुम्हाला ठरवावं लागतं. खालचे बहुतेक प्रश्न त्याच निर्णयांबद्दल आहेत.

हलका क्लायंट म्हणजे नेमकं काय?

ग्राफक्यूएलची विनंती म्हणजे शेवटी एक साधी एचटीटीपी विनंती असते. एकाच पत्त्यावर पोस्ट करायचं. बॉडीत जेसन, आणि त्यात क्वेरीचा (डेटाच्या मागणीचा) मजकूर, व्हेरिएबल्स (मागणीतल्या बदलणाऱ्या व्हॅल्यू) आणि ऑपरेशनचं, म्हणजे त्या मागणीचं, नाव. उत्तरही जेसनमध्येच येतं: ‘डेटा’ नावाची की, आणि काही बिघडलं असेल तर ‘एरर्स’ नावाची यादी. ही विनंती नीट बांधून पाठवणारी आणि उत्तर उलगडून हातात देणारी लायब्ररी म्हणजे हलका क्लायंट. ‘ग्राफक्यूएल-रिक्वेस्ट’ हे त्याचं अनेकांना माहीत असलेलं उदाहरण. ‘यूआरक्यूएल’ थोडा वरच्या पायरीवर आहे, कारण त्यात कॅशे (आलेली उत्तरं साठवून पुन्हा वापरण्याची सोय) आहे, पण तोही आटोपशीरच. ‘अपोलो क्लायंट’ आणि ‘रिले’ हे दुसऱ्या टोकाचे.

ग्राफक्यूएल म्हटलं की भलामोठा क्लायंट आलाच, असा समज बराच पसरलेला आहे. त्याचं मूळ इतिहासात सापडतं. फेसबुकने ग्राफक्यूएल २०१२ साली स्वतःच्या मोबाइल ॲपसाठी घडवलं आणि २०१५ साली जगासाठी खुलं केलं. त्याच वर्षी रिलेही बाहेर आलं. एवढ्या मोठ्या ॲपच्या गरजा लक्षात घेऊन बांधलेला क्लायंट सुरुवातीपासून सोबत असल्यामुळे, भाषा आणि क्लायंट हे एकच प्रकरण आहे असं अनेकांना वाटत राहिलं. प्रत्यक्षात ग्राफक्यूएलचं स्पेसिफिकेशन ब्राउझरमधल्या कॅशेबद्दल काहीही बंधन घालत नाही. डेटा एचटीटीपीवरूनच गेला पाहिजे, असंही ते म्हणत नाही.

मग थेट फेच वापरलं तर काय बिघडलं?

काहीच नाही. फेच हे ब्राउझरचं विनंती पाठवणारं स्वतःचं फंक्शन आहे. दोन-चार क्वेरी असतील तर फेचभोवती एक छोटं फंक्शन लिहा आणि पुढच्या कामाला लागा.

फक्त फेचच्या दोन सवयी ठाऊक असू द्या. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिला तरी फेचचं प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणारं ऑब्जेक्ट) रिजेक्ट होत नाही. जोडणीच तुटली, ब्राउझरने विनंती अडवली किंवा आपणच ती रद्द केली, तरच होतं. आणि फेचला स्वतःची अशी वेळमर्यादा ठरवता येत नाही, ती आपण सिग्नल (विनंती थांबवण्याची खूण) देऊन लावावी लागते. हे सांभाळायला लागलात, मग हेडर आले, मग टाइप आले, की तुमचं छोटं फंक्शन हळूहळू क्लायंटच होऊन बसतं. ते वाईट नाही. पण ते काम दुसऱ्या कुणी आधीच करून, त्यातले कोपरे तपासून ठेवलेले असतील तर पुन्हा करण्यात वेळ कशाला घालवायचा?

बंडलचा आकार खरोखर कमी होतो का?

होतो (बंडल म्हणजे ब्राउझरकडे जाणारा ॲपचा एकत्रित जावास्क्रिप्ट कोड), पण क्लायंटच्या पानावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. स्वतःच्या ॲपचं प्रॉडक्शन बिल्ड करून, कॉम्प्रेस झालेल्या फाइलचा आकार आधी आणि नंतर मोजा. क्लायंट स्वतः लहान असतो, पण त्याच्यासोबत ग्राफक्यूएलचा जावास्क्रिप्ट पार्सर (क्वेरीचा मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा कोड) येतो का, हे बघायचं राहून जातं. क्वेरीचा मजकूर ब्राउझरमध्ये पार्स होत असेल तर तो पार्सर बंडलमध्ये आलाच. क्वेरी साध्या स्ट्रिंग म्हणून ठेवल्या, किंवा बिल्डच्या वेळीच पार्स करून घेतल्या, तर हे ओझं टळू शकतं. काही क्लायंट केवळ ऑपरेशनचं नाव शोधण्यासाठी पार्सर वापरतात, तेव्हा त्याच्या डिपेन्डन्सी एकदा उघडून पाहा.

क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये व्हॅल्यू थेट जोडली तर चालेल का?

नाही. वापरकर्त्याने टाइप केलेला शब्द टेम्पलेट स्ट्रिंगने क्वेरीत घुसवणं आणि एसक्यूएलमध्ये तसं करणं, दोन्ही एकाच जातीच्या चुका आहेत. अवतरणचिन्ह आलं की क्वेरी मोडते, आणि कुणी मुद्दाम रचलेला मजकूर दिला तर क्वेरीत तुम्ही न मागितलेली फील्डसुद्धा जोडली जाऊ शकतात. व्हेरिएबल्स वापरली की क्वेरीचा मजकूर कायम तोच राहतो आणि बदलणारा भाग वेगळा जातो. सर्व्हर त्या व्हेरिएबल्सचा टाइप तपासतो. शिवाय मजकूर स्थिर राहिल्यामुळे सर्व्हरला पार्स केलेली क्वेरी पुन्हा वापरता येते आणि लॉगमध्ये एकाच क्वेरीची हजार रूपं दिसत नाहीत.

ऑपरेशनला नाव द्यायलाच हवं का?

सक्ती नाही, पण द्याच. सगळ्या विनंत्या एकाच पत्त्यावर जातात, त्यामुळे ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये नावाशिवाय एकीला दुसरीपासून ओळखणं कठीण जातं.

स्टेटस २०० आला, तरी स्क्रीन रिकामी. असं कसं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि हलका क्लायंट वापरणाऱ्याने सर्वांत नीट समजून घ्यायची गोष्टही हीच.

ग्राफक्यूएलमध्ये बिघाडाचे थर असतात. पहिला थर जोडणीचा: नेटवर्क नाही, पत्ता चुकला, ब्राउझरने अडवलं. दुसरा एचटीटीपीचा: मधल्या प्रॉक्सीने ५०२ दिला आणि जेसनऐवजी एचटीएमएलचं पान पाठवलं. मग जेसन वाचताना ‘अनपेक्षित चिन्ह’ अशी तक्रार येते आणि माणूस आपल्या क्वेरीत चूक शोधत बसतो. तिसरा थर विनंतीचा: क्वेरीचं व्याकरण चुकलं, नसलेलं फील्ड मागितलं, व्हेरिएबलचा टाइप जुळला नाही. इथे क्वेरी चालवलीच जात नाही, त्यामुळे उत्तरात ‘डेटा’ की नसतेच. आणि चौथा थर फील्डचा: क्वेरी बरोबर होती, चाललीही, पण एखादं फील्ड आणताना काहीतरी फसलं. तेव्हा डेटा आणि एरर्स दोन्ही सोबत येतात.

जुन्या प्रघातानुसार सर्व्हर साध्या जेसन मीडिया टाइपमध्ये उत्तर देत असेल, तर तिसऱ्या आणि चौथ्या थरातही २०० येऊ शकतो. ‘ग्राफक्यूएल ओव्हर एचटीटीपी’ या नव्या स्पेसिफिकेशनने ‘ग्राफक्यूएल-रिस्पॉन्स’ असा वेगळा मीडिया टाइप आणला आहे. तो वापरला की चुकीच्या विनंतीला ४०० सारखा स्टेटस देता येतो. पण तुमचा सर्व्हर कुठल्या पद्धतीने बोलतो हे पाहिल्याशिवाय काही गृहीत धरू नका. सोपा नियम असा: स्टेटस काहीही असो, एरर्सची यादी तपासल्याशिवाय डेटाला हात लावायचा नाही. चांगला हलका क्लायंट हे स्वतःच करतो आणि यादीत काही असेल तर एरर फेकतो. हाताने फेच लिहिणारे नेमके इथे चुकतात.

आता रिकाम्या स्क्रीनचं दुसरं कारण. समजा पुस्तकांची यादी मागितली आणि प्रत्येक पुस्तकाचा लेखकही. स्कीमात (सर्व्हरवरच्या डेटाच्या टाइपांच्या आराखड्यात) ‘लेखक’ हे फील्ड नल, म्हणजे रिकामं, असू शकत नाही असं लिहिलेलं आहे. एका पुस्तकाचा लेखक आणताना चूक झाली. लेखक नल ठेवता येत नाही, म्हणून नल एक पायरी वर सरकतं आणि अख्खं पुस्तकच नल होतं. यादीतला घटक नल चालत नसेल तर यादी जाते, यादीही नल चालत नसेल तर सगळा डेटाच नल होतो. एका लेखकापायी संपूर्ण पान कोरं! क्लायंट कुठलाही असला तरी तो हे सुधारू शकत नाही. उपाय स्कीमात आहे. एररमध्ये ‘पाथ’ असतो, त्यात यादीतला क्रमांक धरून नेमकी जागा दिलेली असते. तो पाथ घेऊन सर्व्हरच्या टीमकडे जा आणि बाहेरच्या सेवेवर अवलंबून असलेली फील्ड नल होऊ द्यावीत असा आग्रह धरा. हा आग्रह धरण्यासारखाच आहे.

अर्धवट डेटा आला तर तो दाखवावा का?

ते स्क्रीनवर अवलंबून आहे. ग्राफक्यूएल-रिक्वेस्टमध्ये यासाठी एरर पॉलिसी ठरवता येते: ‘नन’ म्हणजे एक जरी चूक असली तरी एरर फेकायची, ‘ऑल’ म्हणजे डेटा आणि चुका दोन्ही द्यायच्या, ‘इग्नोर’ म्हणजे चुका गिळून फक्त डेटा द्यायचा. काही सांगितलं नाही तर ‘नन’ लागू होते, आणि सुरुवातीला तीच योग्य.

लेखाखाली ‘हेही वाचा’ अशी यादी आली नाही, तरी लेख दाखवायलाच हवा. तिथे ‘ऑल’ घ्या. पण खात्यातली शिल्लक, औषधाचं प्रमाण, परवानग्या यांपैकी काही अर्धवट आलं असेल तर ते दाखवण्यापेक्षा चूक झाली असं स्पष्ट सांगणं चांगलं. ‘इग्नोर’ मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. फील्ड नल आलं याचा अर्थ ‘असं काही नाहीच’ असा होऊ शकतो आणि ‘आहे, पण आणता आलं नाही’ असाही. हा फरक फक्त एरर्सच्या यादीवरून कळतो. ती यादी फेकून दिली की वापरकर्त्याला ‘तुमच्याकडे एकही ऑर्डर नाही’ असं ठामपणे खोटं सांगितलं जातं.

एररमधला मजकूर जसाच्या तसा वापरकर्त्याला दाखवू का?

नको. तो मजकूर प्रोग्रामरसाठी असतो, कधी त्यात सर्व्हरची आतली माहितीही डोकावते. एररच्या ‘एक्स्टेन्शन्स’मध्ये बहुतेक सर्व्हर एक कोड देतात. त्या कोडवरून तुमचा मजकूर ठरवा. आणि ‘हे नाव आधीच घेतलेलं आहे’ अशा रोजच्या, अपेक्षित अडचणी एरर म्हणून न पाठवता स्कीमातच उत्तराचा एक प्रकार म्हणून मांडल्या, तर क्लायंटमधलं काम फार स्वच्छ होतं.

कॅशे नाही, मग प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जायचं?

आधी स्वतःला विचारा: कॅशे खरंच हवा आहे का? एक फॉर्म, एक अहवाल, एक अंतर्गत डॅशबोर्ड असेल तर दर वेळी ताजा डेटा आणणं हाच सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे. कॅशे घेतला की जुना डेटा कधी फेकायचा हा प्रश्न कायमचा मागे लागतो.

हवा असेल तर पहिली पायरी म्हणजे संपूर्ण उत्तर जसंच्या तसं साठवणं. क्वेरी आणि व्हेरिएबल्स मिळून एक चावी, आणि त्या चावीखाली आलेलं उत्तर. ग्राफक्यूएल-रिक्वेस्टसोबत ‘टॅनस्टॅक क्वेरी’ (आणलेला डेटा साठवून सांभाळणारी लायब्ररी) जोडणारे हेच करतात, आणि ही जोडी बहुसंख्य ॲपना पुरून उरते. अट एकच: चावीत सगळी व्हेरिएबल्स आली पाहिजेत. पान क्रमांक किंवा फिल्टर चावीत घालायचा राहिला तर दुसऱ्याच फिल्टरचं उत्तर समोर येतं. आणि लॉगआउट झाल्यावर कॅशे पूर्ण रिकामा करा, नाहीतर त्याच ब्राउझरवर पुढे लॉगिन करणाऱ्याला आधीच्या माणसाची माहिती दिसेल.

यूआरक्यूएलचा मूळ कॅशेही संपूर्ण उत्तरच साठवतो, पण उत्तरात कुठले टाइप आले याची नोंद ठेवतो. म्युटेशनच्या (डेटा बदलणाऱ्या विनंतीच्या) उत्तरात ‘टिप्पणी’ हा टाइप आला, की ज्या साठवलेल्या उत्तरांत ‘टिप्पणी’ होती ती सगळी शिळी ठरवून पुन्हा मागवतो. कल्पना सुरेख आहे. पण यादी रिकामी असेल तर तिच्या उत्तरात तो टाइप आलेलाच नसतो. त्यामुळे पहिली टिप्पणी टाकली की यादी तशीच रिकामी राहते, पान पुन्हा उघडून यादीत टिप्पणी आली की पुढे सगळं सुरळीत. या कोड्यावर खूप वेळ वाया जातो. त्या क्वेरीला संबंधित टाइपची नावं वेगळी सांगायची सोय यूआरक्यूएलमध्ये आहे, ती वापरा.

त्यापुढची पायरी नॉर्मलाइज्ड कॅशेची. इथे प्रत्येक वस्तू तिचा टाइप आणि आयडी यांच्या जोडीने एकदाच साठवली जाते, म्हणून तपशिलाच्या पानावर नाव बदललं की यादीतही आपोआप बदलतं. ही सोय मोठी आहे आणि तिची किंमतही मोठी आहे: प्रत्येक क्वेरीत आयडी मागायला हवा, आणि नवी वस्तू जोडली किंवा काढली तर कुठल्या यादीत काय बदलायचं हे अनेकदा तुम्हालाच लिहावं लागतं.

ब्राउझरचा स्वतःचा एचटीटीपी कॅशे वापरता येत नाही का?

पोस्ट विनंत्यांसाठी व्यवहारात नाही. फक्त वाचणाऱ्या क्वेरी गेट विनंतीने पाठवता येतात. म्युटेशन गेटने पाठवायचं नाही, हा नियम आहे. मात्र लांबलचक क्वेरी पत्त्यात मावत नाही. त्यावर पर्सिस्टेड क्वेरीचा तोडगा आहे. क्वेरीचा एसएचए-२५६ हॅश काढायचा, म्हणजे ६४ अक्षरांची ओळख मिळते, आणि आधी फक्त तीच पाठवायची. सर्व्हरला ती माहीत नसेल तर तो तसं कळवतो, मग एकदा पूर्ण मजकूर हॅशसह जातो, आणि पुढच्या वेळेपासून हॅश पुरतो. सर्वांना सारखाच दिसणारा डेटा असेल तर मधल्या सीडीएनलाही (वापरकर्त्याच्या जवळून प्रती देणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यालाही) तो साठवता येतो. लॉगिन केलेल्या माणसाचा डेटा असा साठवला जाणार नाही याची खात्री हेडर तपासून करा.

लॉगिनचं टोकन कुठे आणि कसं द्यायचं?

क्लायंट तयार करतानाच टोकन हेडरमध्ये कायमचं लिहून टाकलं तर ते त्या क्षणाचं टोकन राहतं. पान उघडलं तेव्हा माणूस लॉगिन नव्हता, तर लॉगिननंतरही विनंत्या टोकनशिवायच जातील. म्हणून हेडर हे फंक्शन म्हणून द्या, जे प्रत्येक विनंतीच्या वेळी ताजं टोकन वाचेल.

साठवायचं कुठे? लोकल स्टोरेजमधलं टोकन पानावर घुसलेल्या कुठल्याही स्क्रिप्टला वाचता येतं. जमत असेल तर सर्व्हरकडून एचटीटीपी-ओन्ली कुकी घ्या. ती जावास्क्रिप्टला दिसतच नाही. मग एपीआय वेगळ्या ओरिजिनवर (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणाऱ्या पत्त्यावर) असेल तर विनंतीसोबत क्रेडेन्शियल्स पाठवायला सांगावं लागतं, आणि दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या बनावट विनंत्यांपासून बचावासाठी कुकीवर सेमसाइटची मर्यादा घालावी लागते.

मुदत संपल्यावरचा प्रसंग खास काळजीने हाताळा. स्क्रीनवरच्या पाच कम्पोनंटनी एकाच वेळी पाच विनंत्या केल्या आणि पाचही नाकारल्या गेल्या, तर पाच वेळा टोकन रिफ्रेश करू नका, म्हणजे नवं टोकन मागू नका. अनेक सर्व्हर रिफ्रेश टोकन एकदाच वापरू देतात, त्यामुळे पहिली यशस्वी होते आणि बाकीच्या चार माणसाला लॉगआउट करून टाकतात. रिफ्रेशचं एकच प्रॉमिस ठेवा आणि पाचही जणांना त्याचीच वाट पाहू द्या. टोकन नाकारल्याची बातमी ४०१ म्हणून येईल की २०० सोबत एररच्या कोडमध्ये, हेही सर्व्हरनुसार बदलतं, दोन्ही तपासा.

बाहेरच्या एपीआयची गुप्त की क्लायंटमध्ये ठेवली तर?

ती गुप्त राहत नाही. ब्राउझरमध्ये गेलेलं सगळं वापरकर्त्याला वाचता येतं. उदाहरणार्थ, गिटहबच्या ग्राफक्यूएल एपीआयला टोकन लागतंच. ते तुमचं स्वतःचं टोकन असेल तर विनंती तुमच्या सर्व्हरमार्फतच गेली पाहिजे.

सर्व्हरवर रेंडर करताना वेगळं काय करायचं?

प्रत्येक येणाऱ्या विनंतीसाठी नवा क्लायंट बनवा. ब्राउझरमध्ये एक क्लायंट म्हणजे एक माणूस. सर्व्हरवर मात्र मॉड्यूलच्या पातळीवर बनवलेला एकच क्लायंट सगळ्या वापरकर्त्यांमध्ये वाटला जातो. त्यावर टोकन बसवलं किंवा त्यात कॅशे असला, तर एकाचा डेटा दुसऱ्याच्या पानावर छापला जाऊ शकतो. ही चूक विकासाच्या वेळी दिसत नाही, कारण तेव्हा वापरणारे तुम्ही एकटेच असता.

शोधपेटीत भराभर टाइप केलं की जुने निकाल दिसतात. का?

विनंत्या ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने उत्तरं येतील याची हमी नसते. ‘पु’ची विनंती रेंगाळली आणि ‘पुणे’च्या नंतर पोचली, तर पडद्यावर ‘पु’चे निकाल येऊन बसतात. नवी विनंती पाठवताना आधीची ॲबॉर्ट कंट्रोलरने रद्द करा. बहुतेक हलके क्लायंट सिग्नल पुढे फेचला देतात. रद्द केल्यावर येणारी एरर वापरकर्त्याला दाखवायची नाही, ती ओळखून सोडून द्यायची. वेळमर्यादाही याच वाटेने, सिग्नलवर टाइमआउट लावून देता येते.

मात्र ॲबॉर्ट केलं म्हणजे सर्व्हरवरचं काम थांबलं असं समजू नका. क्वेरीच्या बाबतीत फार बिघडत नाही. म्युटेशन मात्र तिकडे पूर्ण झालेलं असू शकतं.

फसलेली विनंती आपोआप पुन्हा पाठवू का?

क्वेरी पाठवा, थोडं थांबून, आणि दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत. म्युटेशन तसं पाठवू नका. उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही. पैसे दोनदा कापले जातात ते असेच. म्युटेशन पुन्हा पाठवायचंच असेल तर सोबत एक वेगळी ओळख पाठवा आणि तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने काम पुन्हा करू नये अशी व्यवस्था करा.

याला जोडूनच एक गैरसमज. एका विनंतीत तीन म्युटेशन लिहिली तर ती एकापाठोपाठ एक चालतात, ही हमी स्पेसिफिकेशन देतं. पण ती तिन्ही मिळून एक ट्रान्झॅक्शन नसते. दुसरं फसलं तरी पहिल्याने केलेला बदल राहतोच. ‘सगळं किंवा काहीच नाही’ हवं असेल तर सर्व्हरवर त्यासाठी एकच म्युटेशन मागून घ्या.

मोठ्या याद्या कशा आणायच्या?

तुकड्यातुकड्यांनी, आणि शक्यतो कर्सरने, म्हणजे यादीत कुठपर्यंत पोचलो याच्या खुणेने. रिलेमुळे रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक तुकड्यासोबत ‘पेजइन्फो’ येतो: पुढे आणखी आहे का, आणि शेवटचा कर्सर कोणता. तो कर्सर पुढच्या विनंतीत द्यायचा. आधीचे तुकडे जोडून ठेवण्याचं काम हलका क्लायंट करत नाही, ते तुम्ही किंवा टॅनस्टॅक क्वेरीसारखी जोडीदार लायब्ररी करते.

खरा धोका एकात एक गुंतलेल्या याद्यांचा. १०० रिपॉझिटरी, प्रत्येकीचे १०० इश्यू, प्रत्येकाच्या १०० टिप्पण्या, अशी चार ओळींची क्वेरी दहा लाख टिप्पण्या मागते. गिटहबने म्हणूनच प्रत्येक यादीला १ ते १०० ची मर्यादा ठेवली आहे आणि एका विनंतीत ५,००,००० नोडच्या (मागितलेल्या घटकांच्या) वर जाऊ देत नाही.

टाइपस्क्रिप्टमध्ये उत्तराचे टाइप हाताने लिहायचे का?

हाताने लिहिलेला टाइप म्हणजे नुसतं आश्वासन. स्कीमा बदलला तरी तो तसाच राहतो आणि कम्पायलर गप्प बसतो. ‘ग्राफक्यूएल कोड जनरेटर’ किंवा तत्सम साधनाने स्कीमा आणि क्वेरी यांवरून टाइप तयार करून घ्या. एवढी एक गोष्ट केली तर हलक्या क्लायंटची निम्मी उणीव भरून निघते, असं माझं मत आहे.

तरी काही गोष्टी टाइपमध्ये दिसत नाहीत. ग्राफक्यूएलमध्ये मूळचे स्केलर (एकेरी व्हॅल्यूचे टाइप) पाचच: इंट, फ्लोट, स्ट्रिंग, बूलियन आणि आयडी. तारीख त्यांत नाही. ती कस्टम स्केलर म्हणून येते आणि जेसनमध्ये बहुधा स्ट्रिंगच असते. हलका क्लायंट तिचं डेट ऑब्जेक्ट बनवून देत नाही. इंट ३२ बिटांचा, म्हणजे कमाल २,१४,७४,८३,६४७. मिलिसेकंदांतली वेळ त्यात मावत नाही. आयडी आकड्यासारखा दिसला तरी उत्तरात स्ट्रिंग म्हणून येतो, त्याची आकड्याशी काटेकोर तुलना कायम खोटी ठरेल. आणि ईनममध्ये (ठरावीक व्हॅल्यूंच्या टाइपमध्ये) उद्या नवी व्हॅल्यू येऊ शकते, तेव्हा अनोळखी व्हॅल्यूसाठी वाट ठेवा.

प्रत्येक विनंतीआधी एक ऑप्शन्स विनंती जाते, ती बंद करता येईल का?

एपीआय वेगळ्या ओरिजिनवर असेल आणि बॉडी जेसन असेल तर ब्राउझर आधी परवानगी विचारतोच. सर्व्हर ती परवानगी ठरावीक काळ लक्षात ठेवायला सांगू शकतो. क्रोम ती जास्तीत जास्त २ तास मानतो, फायरफॉक्स २४ तास. एपीआय त्याच ओरिजिनवर आणला तर प्रश्नच मिटतो. कंटेंट टाइप साध्या मजकुराचा करून ही तपासणी चुकवण्याची युक्ती अधूनमधून सुचवली जाते. तसं करू नका. ती तपासणी बनावट विनंत्यांपासून संरक्षण करते, आणि सजग सर्व्हर अशा विनंत्या नाकारतात.

सबस्क्रिप्शन आणि फाइल अपलोडचं काय?

बहुतेक अतिहलके क्लायंट यात पडत नाहीत. सबस्क्रिप्शनसाठी (सर्व्हरने बदल स्वतःहून कळवत राहण्यासाठी) वेबसॉकेटवर चालणारी ‘ग्राफक्यूएल-डब्ल्यूएस’ किंवा सर्व्हर-सेंट इव्हेंट्स वापरणारी छोटी लायब्ररी सोबत घेता येते. त्याआधी दर काही सेकंदांनी क्वेरी पाठवून भागतं का ते पाहा, बऱ्याचदा भागतं. फाइलसाठी म्युटेशनने सही केलेला तात्पुरता पत्ता मागा आणि फाइल थेट स्टोरेजवर चढवा.

चाचण्या कशा लिहाव्यात?

क्लायंटची खोटी प्रत बनवण्यापेक्षा नेटवर्कच्या पातळीवर उत्तर बदला. ‘मॉक सर्व्हिस वर्कर’ हे काम छान करतो आणि ऑपरेशनच्या नावावरून विनंती ओळखतो. उद्या क्लायंट बदलला तरी चाचण्या टिकतात. यशस्वी उत्तराची चाचणी सगळे लिहितात. २०० सोबत एरर्स, अर्धा डेटा, जेसनऐवजी एचटीएमएल, आणि रिकामी यादी, या चार प्रसंगांच्या चाचण्या लिहिल्या तर वरच्या बहुतेक अडचणी वापरकर्त्यापर्यंत पोचायच्या आधीच सापडतील.

मोठ्या क्लायंटकडे कधी वळावं?

एकच वस्तू पाच-सहा ठिकाणी दिसते आणि बदल झाल्यावर ती सगळीकडे त्याच क्षणी बदलायला हवी, बदल सर्व्हरच्या होकाराआधीच दाखवायचे आहेत, ऑफलाइन काम करायचं आहे, किंवा अनेक टीम आपापल्या कम्पोनंटचे फ्रॅगमेंट (क्वेरीचे तुकडे) लिहून एकाच क्वेरीत जोडतात, अशा गरजा आल्या की नॉर्मलाइज्ड कॅशे असलेला क्लायंट आपली किंमत वसूल करून देतो. म्युटेशननंतर कुठल्या क्वेरी पुन्हा मागवायच्या याची यादी तुमच्या कोडमध्ये लांबत चालली असेल, तर तेही एक ठळक लक्षण आहे. केवळ ‘पुढे लागेल’ म्हणून मात्र पहिल्या दिवशी आणू नका.

बदल सोपा जावा म्हणून क्वेरी आणि म्युटेशन कम्पोनंटच्या कोडमध्ये विखरू न देता स्वतंत्र फाइलमध्ये ठेवा. क्लायंटला थेट हाक न मारता मध्ये तुमचं एक पातळ फंक्शन किंवा हुक असू द्या. क्लायंट बदलताना मग ते फंक्शन आणि त्याचे टाइप बदलावे लागतात. क्वेरी आहेत तशाच राहतात, फक्त नॉर्मलाइज्ड कॅशेसाठी जिथे आयडी मागितलेला नव्हता तिथे तो जोडावा लागतो.